तीन वेळा अलाइनमेंट, तरी टायर खाल्लेच: एका टाय रॉडचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. ९४,००० किलोमीटर झालेली. मालकीण नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला राहतात आणि उमरेडच्या पुढच्या एका गावात शाळेत शिकवतात. नाव-गाव इथे देत नाही. गॅरेजमध्ये आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो. रोजचं जाणं-येणं साधारण १०० किलोमीटरचं. गाडीत त्या एकट्या नसतात. त्याच भागातल्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या आणखी तिघी वाटेत बसतात आणि पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. या गाडीच्या स्टेअरिंगवर चार घरं अवलंबून आहेत. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे निदान दोन निर्णय याच एका गोष्टीवरून झाले.

रस्त्याबद्दलही थोडं. उमरेड रोडवर कोळशाचे ट्रक सतत असतात. मुख्य रस्ता ठीक आहे, पण शाळेकडे वळणारा शेवटचा तुकडा काळ्या मातीवरचा. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं होऊन बसतं. शहरातही सिमेंट रोड आणि बाजूचे गट्टू यांच्यात जी पायरी राहते, तिच्यावरून चाक चढताना-उतरताना प्रत्येक धक्का स्टेअरिंगच्या सांध्यांपर्यंत जातो. त्यात मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. सांध्यावरचं रबर काही वर्षांत कडक होतं, तडकतं, आणि मग धूळ आत शिरते.

तक्रार

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मॅडम थेट गॅरेजला आल्या. "भाऊ, जुलैत पुढचे दोन्ही टायर नवीन टाकले होते. काल पंक्चरवाल्याने चाक काढलं तर म्हणे आतून तार दिसून राहिली."

चाक पूर्ण वळवून मी टॉर्च मारला. टायरची बाहेरची बाजू बऱ्यापैकी शाबूत आणि आतली कड गुळगुळीत. उजव्या टायरला एका जागी खरंच तार उघडी पडली होती. हात आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत लागे आणि उलट्या दिशेने करवतीसारखं खरखरीत. जुलैपासून गाडी जेमतेम १६,००० किलोमीटर चालली होती. असा टायर नीट चालला तर ४०,००० किलोमीटर सहज जातो.

मॅडमनी गाडीकडे दुर्लक्ष केलं होतं असं मुळीच नाही. सात महिन्यांत त्यांनी तीनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा मशीनवर बसवून घेणं, करून घेतलं होतं. एकदा टायर टाकताना, एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा जानेवारीत. गाडी डावीकडे-उजवीकडे भटकते, स्टेअरिंग सतत सांभाळावं लागतं, असं त्या प्रत्येक वेळी सांगत होत्या. प्रत्येक वेळी कागद हातात मिळाला आणि कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. शेवटी एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं की आख्खा स्टेअरिंग रॅकच (स्टेअरिंगचं वळणं चाकांकडे नेणारा भाग) गेला आहे, १४,००० रुपये लागतील. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

कागदांमध्ये काय होतं

ते तिन्ही कागद त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवले होते. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी मी ते बोनेटवर ओळीने मांडले. या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तिथेच होता.

पुढची दोन चाकं वरून बघितली तर ती जवळजवळ समांतर असायला हवीत. पुढच्या बाजूने एकमेकांकडे किंचित झुकली तर टो-इन, फाकली तर टो-आउट. हे अंतर ठरवतो तो टाय रॉड. स्टेअरिंग रॅकपासून चाकापर्यंत जाणारा हा रॉड आट्यांवर फिरवून लांब-आखूड करता येतो, आणि टोचं अलाइनमेंट म्हणजे मुख्यतः तेवढंच काम.

कागदावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने असतात. लोक 'नंतर'चा रकाना बघतात. तो तिन्ही कागदांवर ठीकच होता, एकूण १ मिलिमीटर टो-इनच्या आसपास. 'आधी'चा रकाना मात्र असा: जुलैत ३ मिलिमीटर टो-इन, ऑक्टोबरात ४ मिलिमीटर टो-आउट, जानेवारीत पुन्हा २ मिलिमीटर टो-इन. मधल्या काळात गाडी कुठे ठोकली नव्हती, मोठ्या खड्ड्यातही गेली नव्हती. बसवलेली टो आपोआप एकदा आत आणि एकदा बाहेर जात असेल, तर बसवण्यात चूक नाही. ज्याच्यावर ती बसवली तो सांधाच सैल आहे. तीन कागद तीन वेगवेगळ्या माणसांनी काढले, आणि आधीचा कागद कोणी मागितलाच नाही.

टायर इतके का झिजले हे मॅडमना मी हिशेब करून दाखवलं. त्यांच्या टायरचा व्यास सुमारे ५८० मिलिमीटर. दोन चाकांमध्ये ३ मिलिमीटरचा फरक राहिला तर गाडी १ किलोमीटर पुढे जाताना दोन्ही टायर मिळून साधारण ५ मीटर आडवे घासले जातात. रोजच्या १०० किलोमीटरला अर्धा किलोमीटर. बोलता बोलता त्या गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे टायर मी रोज अर्धा किलोमीटर फरफटत नेत होते."

तपासणी

आधी गाडी चारही चाकांवर उभी ठेवून बघितलं. गॅरेजमधल्या पोट्ट्याला आत बसवलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि स्टेअरिंग थोडंसं, दोन-तीन बोटं इतकंच, डावीकडे-उजवीकडे झटक्यात हलवायला सांगितलं. मी उजव्या चाकामागे हात घालून टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यावर बोटं ठेवली. टक, टक. आवाज कानांपेक्षा बोटांना जास्त कळतो. चांगल्या सांध्यात रॉड आणि चाकाचा हात, म्हणजे रॉड चाकाला जिथे जोडतो तो तुकडा, एकदम हलतात. इथे रॉड आधी सरकत होता आणि चाक मागून येत होतं.

मग जॅक लावला, खाली घोडी ठेवली. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं तर स्पष्ट खेळ, म्हणजे सैलपणा. बारा आणि सहावर धरून हलवलं तर काही नाही. म्हणजे व्हील बेअरिंग आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट ठीक, दोष टाय रॉडच्या बाजूलाच. उजव्या एंडचं, म्हणजे रॉडच्या टोकाच्या सांध्याचं, रबर फाटलेलं, ग्रीस बाहेर पडून वाळलेलं. डाव्या एंडमध्ये खेळ नव्हता, पण रबराला तडे गेले होते.

इथे मी एक गोष्ट केली नाही. टाय रॉडला दोन सांधे असतात. बाहेरचा एंड डोळ्यांसमोर असतो. आतला, ज्याला आम्ही रॅक एंड म्हणतो, तो घड्यांच्या रबरी बुटात झाकलेला असतो. बुटावरून चिमटीत धरून मी तो चाचपला आणि फार काही जाणवलं नाही. बाहेरच्या सांध्यात इतका खेळ असताना आतला थोडा खेळ हाताला वेगळा कळणं कठीण. बुटाची क्लिप सोडून, बूट मागे सरकवून बघायला दहा मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

पर्याय

मॅडमचा पहिला प्रश्न साधा होता. "भाऊ, मे महिन्यापर्यंत निघून जाईल का? सुट्टीत गाडी आठ दिवस तुमच्याकडेच ठेवते." दहावीची परीक्षा सुरू होती, सोमवारी त्यांची पर्यवेक्षणाची ड्युटी होती. प्रश्न चुकीचा नव्हता.

मी नाही म्हणालो. सांध्यातला गोळा खोबणीतून निसटला तर त्या चाकाचा स्टेअरिंगशी संबंधच तुटतो आणि चाक वाटेल तिकडे वळतं. ब्रेक कमी झाला तर हँडब्रेक तरी असतो. टाय रॉडला दुसरा आधार नाही, एका चाकाला एकच रॉड. समोरून कोळशाचा ट्रक येत असताना आणि गाडीत चौघी असताना ही जोखीम घ्यायला मी कोणालाही सांगणार नाही.

आख्खा रॅक बदलण्याचा पर्याय मी बाजूला ठेवला. स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत कुठे अडकत नव्हतं, मधोमध जास्त सैल नव्हतं. एका सांध्याच्या खेळासाठी १४,००० चा भाग बदलणं पटत नव्हतं.

राहिलं ते हे: फक्त उजवा एंड, की दोन्ही? एकच बदलला तरी गाडी बरोबर चालते, जोडीनेच बदलायला हवं असं यंत्राचं काही म्हणणं नसतं. पण डाव्याचं रबर तडकलं होतं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तो गेला असता आणि अलाइनमेंटचा खर्च पुन्हा पडला असता. म्हणून दोन्ही बदलायचं ठरलं. पार्टच्या दुकानात ३०० ला एक मिळत होता आणि नावाजलेल्या कंपनीचा ६५० ला. या एका भागात मी स्वस्त माल लावत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह केला तरीही.

टायरचंही ठरवावं लागलं. तार दिसणारा टायर पुढे काय, मागेही लावण्यासारखा नव्हता. कायद्याने टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, इथे आतल्या कडेला नक्षीच उरली नव्हती.

काम: रविवार

शनिवारीच दुकान बंद व्हायच्या आत एंड आणले आणि जुन्या चेक नटवर (एंड रॉडवर पक्का धरणारा नट) गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. रविवारी सकाळी नट पहिल्या झटक्यात सुटला. चेक नट जिथे होता तिथे आट्यांवर पांढऱ्या रंगाची खूण केली. सांध्याचा नट काढताना हातोडा बोल्टच्या डोक्यावर मारायचा मोह होतो, त्याने आटे बसतात. मी पुलर लावून ताण दिला आणि चाकाच्या हाताला बाजूने दोन नेमके ठोके दिले. निमुळता खुंटा खट्कन सुटला.

एंड काढताना फेरे मोजले, साडेअठरा. नवीन तेवढेच फेरे बसवला तर टो साधारण जागेवर येते, गाडी अलाइनमेंटपर्यंत हळू नेता येते. त्यापलीकडे या मोजणीवर विसंबायचं नाही, कारण जुना आणि नवा शेजारी ठेवला तेव्हा नव्याची लांबी दीड-दोन मिलिमीटर जास्त निघाली.

जुना एंड मी मॅडमच्या हातात दिला. खुंटा सरळ धरला की स्वतःच्या वजनाने एका बाजूला पडत होता. आत ग्रीसच्या जागी गेरूसारखा लालसर चिखल. मग नवा दिला आणि हलवून बघा म्हटलं. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावल्यावर कुठे तो तिरका झाला. इतक्या वर्षांत मला वाटतं, गिऱ्हाइकाला जुना भाग हातात दिल्याशिवाय बिल देऊ नये. त्या एका मिनिटात माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त समजतं.

नवा नट टॉर्क रेंचने कसला. स्प्लिट पिनसाठी भोक जुळत नसेल तर नट किंचित पुढेच घ्यायचा, मागे सोडायचा नाही.

रविवार संध्याकाळ

दोन नवीन टायर टाकून गाडी अलाइनमेंटला नेली. हे दुकान मी नेहमीचं म्हणून वापरतो, आणि त्याचं कारण त्या संध्याकाळी पुन्हा दिसलं. तिथल्या पोराने सेन्सर लावले, रीडिंग घेतलं आणि लगेच पाना उचलला नाही. उजव्या चाकाला तळव्याने आतून हलकंसं दाबलं. स्क्रीनवरचा आकडा सरकला. सोडलं, बाहेरून दाबलं, आकडा दुसरीकडे गेला. "दादा, हे बघून घ्या. उजवं अजून हलून राहिलं."

मी खाली वाकून बुटावरून रॅक एंड धरला. बाहेरचा सांधा आता घट्ट होता, त्यामुळे आतला खेळ लगेच बोटांना लागला. चूक माझी होती.

आकडे जुळवून कागद काढता आला असता. चौथा हिरवा कागद. तो पोरगा स्वतःच म्हणाला, "मी नाही करत, पैसे फुकट जातील तुमचे." सात महिन्यांत तीन ठिकाणी हे वाक्य कोणी म्हणायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी रॅक एंड मिळणार नव्हता. मॅडमना सकाळी सातला निघायचं होतं. मी फोन केला आणि जसं होतं तसं सांगितलं: मोठा खेळ गेला, पण आतल्या सांध्यात अजून आहे, हा मी काल पकडायला हवा होता, गाडी उद्या देता येणार नाही. नाराज झाल्या, आणि ते योग्यच होतं. सोमवारी त्या आणि एक सहकारी गणेशपेठच्या बस स्टँडवरून एसटीने गेल्या, बाकी दोघींनी आपापली सोय केली. खेळ पूर्वीपेक्षा कमी होता, गाडी सोडली असती तर बहुधा काही झालं नसतं. पण 'बहुधा'वर चौघींना पाठवणं मला जमलं नाही.

सोमवार: बुटाच्या आत

उजवा बूट काढला तेव्हा घड्यांमधून गढूळ पाणी टपकलं, चमचाभर. रॅक एंडचा गोळा गंजलेला. आणि बूट पिळलेल्या ओल्या कापडासारखा वळलेला, दुसऱ्या घडीजवळ बोटाच्या पेराएवढी चीर.

बूट असा आपोआप पिळत नाही. टो बसवताना टाय रॉड फिरवावा लागतो. त्याआधी बुटाच्या बाहेरच्या टोकाची छोटी क्लिप सैल करायची असते, म्हणजे रॉड फिरतो आणि बूट जागेवर राहतो. क्लिप तशीच ठेवली तर बूटही सोबत वळतो, ताणलेला राहतो आणि काही दिवसांत घडीवर फाटतो. तीनपैकी एखाद्या अलाइनमेंटमध्ये हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. बाहेरचा सांधा सैल होता म्हणून अलाइनमेंट केलं गेलं, आणि त्याच अलाइनमेंटने आतला सांधा पावसाच्या पाण्यात उघडा पडला.

आता रॅकचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला. आत पाणी गेलं होतं, रॅकच्या दांड्यावर तांबूस थर होता. दांड्याला खड्डे पडले असतील तर आतलं बुश खराब होतं आणि मग १४,००० वाचत नाहीत. कापडाने थर पुसला, नख फिरवलं. कुठे अडकलं नाही, पृष्ठभाग गुळगुळीत. दांडा ठेवला.

रॅक एंड सोडवताना दांडा दुसऱ्या पान्याने पक्का धरला, नाहीतर सगळा पीळ आतल्या दातांवर जातो. नवीन लॉक वॉशर, नवीन बूट, नवीन क्लिपा. डावा बूटही सरकवून बघितला. आत कोरडं, ग्रीस शिल्लक, सांधा घट्ट. तो बदलला नाही. मॅडमनी विचारलं, "बाहेरचे दोन्ही बदलले, मग आतला एकच का?" मी म्हणालो, बाहेरच्या डाव्याचं रबर फुटलं होतं, याचं काहीच बिघडलेलं नाही.

मग त्याच दुकानात अलाइनमेंट. चाक दाबलं, आकडा हलला नाही. स्टेअरिंग सरळ बांधून दोन्ही बाजूंनी टो बसवली, बुटाच्या क्लिपा मी स्वतः सैल करून पुन्हा लावल्या.

खर्च आणि निकाल

दोन एंड १,३००, एक रॅक एंड ९००, बूट आणि क्लिपा ३५०, मजुरी १,२००, अलाइनमेंट ५००, दोन टायर ७,८००. एकूण १२,०५० रुपये. सोमवारच्या कामाची मजुरी लावली नाही. यातले टायरचे ७,८०० आणि आधीच्या तीन अलाइनमेंटचे मिळून १,४०० हे जुलैतच कोणी चाक हलवून बघितलं असतं तर लागलेच नसते.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरतात, त्यामुळे उन्हाळ्यात गाडी फारशी चालली नाही. ऑक्टोबरात मॅडम आल्या तेव्हा सुमारे ११,००० किलोमीटर झाले होते. टायरची खोली मोजली: उजव्याला आत ५.९ मिलिमीटर, बाहेर ६.१. डाव्याला दोन्हीकडे ६. भटकणं थांबलं आहे. त्या म्हणाल्या की आता घरी पोचल्यावर खांदे दुखत नाहीत. आपण स्टेअरिंग इतकं घट्ट धरून चालवतो हे त्यांना कधी जाणवलंच नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्याकडून: शनिवारी दोन्ही बूट सरकवून बघायला हवे होते, निदान अंदाजपत्रक देण्याआधी. चारही सांध्यांची स्थिती शनिवारीच कळली असती, लागणारे सगळे भाग त्याच संध्याकाळी आले असते आणि सोमवारी गाडी उमरेडला गेली असती. आता माझ्याकडे टायर झिजल्याची कुठलीही गाडी आली की बूट उघडल्याशिवाय खर्च सांगत नाही. उघडून सगळं ठीक निघालं तर दहा मिनिटं गेली, इतकंच.

अलाइनमेंट करणाऱ्यांकडून: सेन्सर लावण्याआधी चाक तीन-नऊवर हलवून बघायला अर्धा मिनिट लागतो. खेळ असेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवावं. त्या दिवसाचे पाचशे जातात हे मला माहीत आहे, माझंही पोट याच धंद्यावर आहे, तरीही.

आणि गाडी वापरणाऱ्यांसाठी, मॅडमनी जे केलं तेच: कागद टाकू नका. दुसऱ्यांदा अलाइनमेंटला गेलात तर पहिला कागद सोबत न्या आणि 'आधी'चा आकडा इतका का बदलला ते विचारा. टायरवर महिन्यातून एकदा तळवा आडवा फिरवा, आतल्या कडेपर्यंत. चाक वळवून उभं केलं की हात पोचतो.

डाव्या बाजूचा रॅक एंड अजून मूळचाच आहे, अकरा वर्षांचा. त्याचा बूट सरकवून बघायला दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार ठरला आहे.